चाई पडली म्हणून घाबरून जाऊ नका

मैत्रिणींनो, या वेळी सबंध जागा एकाच पत्राला द्यायचे ठरवले आहे. पत्र बीड जिल्ह्यातल्या एका आईचे आहे. मुलगी एकोणीस वर्षांची. वेणी घालताना कानाच्या जरा वर, रुपयाएवढी जागा बोटांना अगदी गुळगुळीत लागली. महिन्याभरात तशीच दुसरी जागा डोक्याच्या मागच्या बाजूला दिसली. शेजारीण म्हणाली, चाई आहे, बिब्बा लावा. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. औषधांच्या दुकानातून एक मलम आणले, त्याने काही झाले नाही. घर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणार, परत आल्यावर वैशाखात मुलीला पाहायला मंडळी येणार. आई विचारते, पाहुण्यांना सांगावे की लपवावे? आणि माझ्या लेकीचे केस परत येतील का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे वाचायला धीर येईल. बहुधा येतील. रुपयाएवढ्या एक-दोन जागाच गेल्या असतील, तर निम्म्याअधिक लोकांचे केस वर्षभरात परत येतात, आणि पुष्कळदा कसलेही औषध न लावता येतात. म्हणूनच चाईवर रामबाण उपाय सांगणारे गावोगाव भेटतात! केस आपले आपण उगवतात आणि नाव होते त्या पाल्याचे.

आता चाई म्हणजे काय ते पाहू. केसांना कीड लागते आणि ती रात्री केस खाते, अशी समजूत आपल्याकडे जुनी आहे. कीड नाही, घाण नाही, नजर तर नाहीच. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांचा काहीतरी गैरसमज होतो आणि त्या केसांच्या मुळांनाच परके समजून त्यांच्यावर तुटून पडतात. राखणीच्या कुत्र्याने घरच्याच माणसाचा पाय धरावा, तसला प्रकार. केस गळतो, पण मूळ मरत नाही, ते निजून राहते. ऊस तोडणाऱ्या बाईला हे मी वेगळे काय सांगणार? ऊस कापून नेला तरी बुडखा जमिनीत जिवंत असतो आणि त्यालाच खोडवा फुटतो. चाईच्या जागेखाली असा बुडखा शिल्लक असतो. आपले काम एवढेच, की तो फुटायच्या आधी आपल्याच हाताने जाळून टाकायचा नाही.

शंभरांतल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते. बाईला, पुरुषाला, लहान मुलालाही. ती एकीची दुसरीला लागत नाही. तिचा कंगवा वापरला, तिच्या उशीवर डोके ठेवले, तिच्या हातचे जेवले, तरी काही होत नाही. सुश्रुताच्या काळापासून आयुर्वेदात तिला इंद्रलुप्त म्हणतात. म्हणजे दुखणे नवे नाही, आणि हल्लीच्या शांपूंनी आणलेलेही नाही.

पण ती चाईच आहे हे ठरवायचे कसे? माझ्या मते सगळा घोटाळा इथेच होतो. डोक्यावर टक्कल दिसले की घरातले सगळेजण काय लावावे ते सांगू लागतात, नीट बघत मात्र कुणीच नाही. तेव्हा मुलीला सकाळच्या उन्हात अंगणात बसवा. केस धुऊन वाळलेले असावेत, तेल लावलेले नको. कंगव्याच्या टोकाने भांग पाडत पाडत सगळे डोके बघा, फक्त दुखरी जागाच नव्हे.

चाईची कातडी गुळगुळीत आणि मऊ असते, रंगाने बाकीच्या डोक्यासारखी. कोंडा नाही, खपली नाही, पू नाही. नीट पाहिले तर केसांची बारीक भोके शाबूत दिसतात. जागेच्या कडेला तुटके, आखूड केस उभे असतात. ते वर जाड आणि मुळाशी बारीक, छापील उद्गारचिन्हासारखे दिसतात. असे केस दिसले तर चाई अजून पसरते आहे असे समजा. कडेचे पाच-पन्नास केस चिमटीत धरून हलकेच ओढून बघा. दोन-चार सहज हातात आले, तर त्याचाही अर्थ तोच. पण परीक्षा म्हणून दिवसातून दहा वेळा ओढू नका, बाई!

मग मुलीची नखे बघा. नखांवर अंगुस्तानावर असतात तशा बारीक टिकल्या-टिकल्यांच्या रांगा उठल्या असतील, तर दुखणे जरा हट्टी निघण्याची शक्यता असते. भुवया आणि पापण्यांकडे लक्ष द्या. एका कानामागून दुसऱ्या कानामागे, मानेच्या वरच्या रेषेने पट्टाच्या पट्टा गेला असेल, तर तोही प्रकार बरा व्हायला वेळ लावतो.

डॉक्टर मंडळी गेलेल्या केसांचा हिशेब कसा मांडतात तेही सांगून ठेवते, म्हणजे सुधारणा आहे की नाही हे तुमचे तुम्हालाच कळेल. सबंध डोके शंभर धरतात. त्यातले टाळूकडचे चाळीस, मागचे चोवीस, आणि दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा. आता मागच्या भागाचा चौथा हिस्सा गेला असेल, तर चोविसाचा चौथा हिस्सा म्हणजे सहा. उजव्या बाजूचा नववा हिस्सा गेला असेल तर दोन. एकूण आठ. वीसच्या आत असेल तर चाई सौम्य धरतात, पन्नास किंवा वर गेली तर गंभीर. हल्ली घरोघरी मोबाईल आहे. महिन्यातून एकदा त्याच जागेचा, त्याच उजेडात, शेजारी एक रुपयाचे नाणे धरून फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघून काही कळत नाही, जीव मात्र खालीवर होतो.

चाईसारखी दिसणारी पण चाई नसलेली दुखणी आता पाहू, कारण त्यांचे उपाय निरनिराळे आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला विषासारखे होते.

पहिला डोक्याचा नायटा. हा बहुतकरून लहान मुलांना होतो. जागेवर पांढरा कोंडा किंवा खपल्या असतात, केस मुळाशी तुटून काळे ठिपके राहिलेले दिसतात, खाज येते, मानेत गाठी येतात. हा मात्र लागतो. कंगवा, टोपी, टॉवेल यांतून भावंडांना लागतो, आणि गोठ्यातल्या वासराच्या अंगावर तसेच गोल चट्टे असतील तर तिथूनही येतो. नुसत्या मलमाने तो जात नाही, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे महिना-दीड महिना पोटात गोळ्या घ्याव्या लागतात. चाईचे स्टिरॉइडचे मलम यावर चोळले तर खाज थांबते खरी, पण आत नायटा माजतो.

दुसरे दुखणे वेणीचे आणि ओझ्याचे. घट्ट ओढून बांधलेल्या वेणीने कपाळाच्या कडेचे आणि कानशिलावरचे केस मागे सरत जातात. आपल्या ऊसतोडीतल्या बायका मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. महिनोन् महिने चुंबळ एकाच जागी घासून टाळूवरचे केस विरळ होतात. त्याला चाई म्हणू नका. तिथे उपाय एकच, चुंबळ जाड आणि मऊ सुती कापडाची करणे, वेणी सैल घालणे, ओढा एकाच जागी पडू न देणे. हे सांगणे सोपे आहे आणि करणे कठीण, याची मला जाणीव आहे.

तिसरे म्हणजे सगळ्या डोक्याचे केस झडणे. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, अंगात रक्त फार कमी असले की कंगव्यात पुंजके येतात. २०२० आणि २०२१ साली कोरोना होऊन गेलेल्या कितीतरी जणींनी हे भोगले. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांची चर्चा विधिमंडळापर्यंत गेली होती. अशा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागले तर त्याचे मूळ तिथे असू शकते, हे बाईला कुणी सांगत नाही. या प्रकारात गोल जागा पडत नाहीत, सगळीकडूनच केस विरळ होतात आणि कारण दूर झाले की सहा महिने-वर्षात भरून येतात. दिवसाला पन्नास ते शंभर केस तर कुणाचेही जातात. तेवढ्यावरून घाबरायचे कारण नाही.

दोन गोष्टींत मात्र उशीर नको. जागा चकचकीत, ताणलेली, केसांची भोकेच बुजलेली अशी दिसत असेल, भोवती लाली किंवा जांभळट रंग असेल, तर ती मुळे मरू लागल्याची खूण. महिनाभर वाट बघू नका, लगेच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तिथे गेलेला केस परत येत नाही, उरलेले वाचवायचे असतात. आणि भुवयांचे बाहेरच्या बाजूचे केस जाऊन अंगावर फिकट, बधिर चट्टे असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो.

नीट न बघता नाव ठेवले की काय होते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. २०२४ च्या डिसेंबरअखेर बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये माणसांचे केस अचानक मूठमूठ हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल! बाया, पुरुष, मुले, सगळ्यांचे. पुढे आणखी गावे निघाली. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर. गावाचे नाव सांगितले की लोक दूर सरकू लागले. दिल्ली-चेन्नईहून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची माणसे आली, रक्त, लघवी, केस, पाणी, धान्य तपासायला नेले. विंचूदंशावरच्या कामाने जगभर माहीत झालेले, मूळचे जालना जिल्ह्यातले डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनीही तिथे जाऊन तपास केला. त्यांना रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम नावाचे द्रव्य प्रमाणाबाहेर सापडले, जस्त कमी आढळले, आणि रेशनवर आलेल्या पंजाब-हरियाणाकडच्या गव्हात सेलेनियम फार असल्याचे त्यांनी सांगितले. पुढे कित्येकांची नखेही गळून पडली. केस मात्र पुष्कळांचे परत आले.

म्हणजे ती चाई नव्हती, नायटा नव्हता, साथही नव्हती. सेलेनियम शरीराला लागते, पण चिमूटभराहूनही कमी. जास्त झाले की आधी केस जातात, मग नखे. तुमच्या गावात एकाच महिन्यात पाच-सात घरांतल्या माणसांचे केस जाऊ लागले, तर डोक्याला काय लावायचे हा प्रश्नच नाही. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा, आणि घरातले धान्य टाकून न देता त्यातले मूठभर तपासणीसाठी बांधून ठेवा. आणि हे वाचून बाजारात केसांच्या गोळ्यांचा शोध घेणाऱ्या मैत्रिणींनी तेवढे लक्षात ठेवावे, की त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांत सेलेनियम असतेच. केस वाढावेत म्हणून दोन-दोन तऱ्हेच्या गोळ्या एकदम घेणे शहाणपणाचे नाही.

आता बिब्ब्याकडे वळू. परीट कपड्यावर खूण करायला बिब्बा वापरत, तो डाग जन्मात निघत नसे. तोच काळा चीक कातडीवर लावला की भाजल्यासारखे फोड येतात, ते चिघळतात, आणि व्रण राहिला तर खालचा बुडखा कायमचा जातो. चाई बरी झाली असती, पण उपायाने टक्कल कायम केले, अशी ही गत. गुंजेचे बी उगाळून लावणे, जमालगोटा चोळणे ही त्याच जातीतली भावंडे. गुंजेचे तर विष आहे. सोलवटलेल्या कातडीला ते लावायचे नाही, आणि घरात पोरे असतील तर गुंजा आणूच नका, चावलेली एखादी बीसुद्धा जिवावर बेतते. जुन्या ग्रंथांत हस्तिदंताची राख सांगितली आहे खरी, पण हस्तिदंताची खरेदी-विक्री हा आज गुन्हा आहे.

तरी जुन्या बायकांना वेड्यात काढू नका हं. कातडी थोडी चिडवली की कधी कधी केस येतात, हे त्यांनी पाहिले होते आणि ते अगदीच खोटे नाही. मोठ्या रुग्णालयांत डायफेनसायप्रोन नावाचे औषध अगदी पातळ करून आठवड्यातून एकदा चाईवर लावतात. हेतू तोच, कातडीला मुद्दाम जराशी खाज आणायची आणि त्या पांढऱ्या पेशींचे लक्ष दुसरीकडे वळवायचे. फरक मापाचा आहे. तिथे थेंबाथेंबाचा हिशेब असतो, बिब्ब्याला कसले माप?

कांद्याच्या रसाबद्दल दर महिन्याला पत्र येते, म्हणून तेही सांगते. बगदादच्या डॉक्टरांनी २००२ साली एक प्रयोग छापला होता. दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावणाऱ्या तेवीस जणांपैकी वीस जणांना दीड महिन्यात केस आले. नुसते पाणी लावणाऱ्या पंधरांपैकी दोघांनाच आले. प्रयोग अगदी लहान, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. पण एखाद-दुसरी छोटी जागा असेल आणि डॉक्टरांकडे जायला चार आठवडे लागणार असतील, तर लावून बघायला माझी हरकत नाही. आग झाली, पुरळ उठले, तर बंद करायचा. डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. वासाचे काय करायचे ते तुमचे तुम्ही ठरवा!

डोके भादरल्याने केस दाट येतात ही समजूत तेवढी सोडून द्या. केसाचा वरचा भाग निर्जीव असतो, तो कापल्याचे मुळाला कळतही नाही. मुलीचे बाकीचे सुंदर केस घालवून तिला नवे दुःख मात्र देता. बायोटिनच्या गोळ्यांनी चाई जाते असेही सिद्ध झालेले नाही. उलट त्या चालू असताना थायरॉइडची रक्ततपासणी केली तर आकडे चुकीचे येऊ शकतात. तपासणीला जाण्याआधी दोन दिवस बंद ठेवा आणि घेत होता हे डॉक्टरांना सांगा.

दुकानातून आणलेल्या मलमाचे वेष्टन शोधून काढा. बुरशी, जंतू आणि सूज या तिन्हींवर चालते म्हणून जे मलम खपवतात, त्यात बहुधा स्टिरॉइड असते. त्यातली कित्येक मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, पण दुकानावर चिठ्ठी मागतो कोण? चाईला स्टिरॉइड चालते, पण कोणते, किती दिवस, किती जाड थर, हे ठरवायला बघणारे डोळे लागतात.

मग डॉक्टर काय करतील? मोठ्या माणसाला थोड्याच जागा असतील तर नेहमीचा उपाय सुईचा. ट्रायअम्सिनोलोन नावाचे औषध अगदी बारीक सुईने त्या जागेच्या कातडीत थेंब थेंब सोडतात. दुखते, पण सोसवते. दर चार ते सहा आठवड्यांनी जावे लागते, आणि केस फुटायला महिना-दोन महिने लागतात. कधी सुईच्या जागी लहान खळगा पडतो, तो बहुतेक वेळा हळूहळू भरून येतो. सहा महिन्यांत काहीच फरक नसेल तर हा उपाय पुढे रेटण्यात अर्थ नसतो. लहान मुलांना सुईऐवजी मलम देतात. सोबत मिनॉक्सिडिल लावायला सांगतात. त्याने आलेल्या केसांना जोर येतो, पण एकट्याने ते चाई थांबवत नाही. फार वेगाने पसरत असेल तर आठवड्यातून दोनच दिवस घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. साखर आणि रक्तदाब तपासल्याशिवाय त्या घेऊ नयेत, आणि आपल्या मनाने तर मुळीच नाही.

ज्यांचे निम्म्याहून जास्त डोके गेले आहे त्यांच्यासाठी अलीकडे नवी औषधे निघाली. बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत जून २०२२ मध्ये चाईसाठी पहिली परवानगी मिळाली, रिटलेसिटिनिबला २०२३ मध्ये. या गोळ्या त्या पांढऱ्या पेशींना आतूनच आवरतात. पण त्या महाग आहेत, बंद केल्या की केस पुन्हा जाऊ शकतात, आणि आपल्याकडे मुख्य धोका क्षयाचा. अंगात दबून असलेला क्षय त्यांनी उसळू शकतो. छातीचा फोटो आणि रक्त तपासल्यावाचून कुणी लिहून देत असेल तर तिथून उठून या. रुपयाएवढ्या दोन जागांसाठी त्यांची गरजही नाही.

पत्र लिहिणाऱ्या ताईंची खरी अडचण वेगळी आहे. दर चार-सहा आठवड्यांनी अंबाजोगाईला किंवा बीडला यायचे, आणि घर तर दसऱ्यानंतर कारखान्यावर! उचल घेतलेली, मुकादमाशी बोली झालेली, एक खाडा पडला की पैसे कापले जाणार. केसांसाठी टोळी सोडून परत या, असे सांगायला मी कोण? तेव्हा असे करा. निघण्याआधी एकदा तरी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवा. केसपेपर काढून घ्या, चाई आहे की नायटा हे नक्की करून घ्या, थायरॉइड आणि रक्ताचे प्रमाण बघून घ्या, कारण चाई असणाऱ्यांत थायरॉइडचा बिघाड इतरांपेक्षा जास्त आढळतो. आम्ही सहा महिने बाहेरगावी असतो, सुईला येता येणार नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सांगितले नाही तर ते सुईच सुरू करतील आणि ती अर्ध्यावर राहील. सांगितले तर फडात, पालावर लावता येईल असे मलम लिहून देतील. ते फक्त चाईच्या जागेवर, सांगितले तितकेच दिवस लावायचे. वेष्टनाचा आणि केसपेपरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कागद पाचटात हरवतात. ज्या कारखान्यावर जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात तो दाखवता येतो.

गुढीपाडव्याच्या सुमारास परत आलात आणि जागा तशाच असतील, तर तेव्हा सुई सुरू करा. चैत्र ते दसरा हे सहा महिने तुमच्या हातात आहेत, चार-पाच खेपा सहज होतात. आणि मुलगी घरी आजीपाशी राहणार असेल तर हे दसऱ्यापासूनच करता येईल. पण ते तुमच्या घरचे गणित, ते मला इथून सुटणार नाही.

राहिला पाहुण्यांचा प्रश्न. माझे मत विचाराल तर सांगून टाका. पहिल्याच दिवशी डोके उघडून दाखवायची गरज नाही, पण बोलणी पुढे सरकली की मुलीच्या आईने मुलाच्या आईशी चार शब्द बोलावेत. हिला चाई पडली होती, औषध चालू आहे, हे लागत नाही, मूलबाळ व्हायला याची कसलीही आडकाठी नाही, आणि मुलांना होईलच असेही नाही. हे सगळे खरे आहे. मात्र एकदा जाऊन पुन्हा कधी पडणारच नाही, असे वचन देऊ नका. चाई पुष्कळांना पाच-दहा वर्षांनी परत भेटते, आणि तेव्हा लग्नानंतर फसवले म्हणून बोलणी खायची वेळ त्या पोरीवर येते. दोन जागांपायी मोडणारे स्थळ पुढे पहिल्या आजारपणात काय दिवे लावणार होते!

मुलीचे केस म्हणजे तिचे सौभाग्य, अशी गाठ आपण फार घट्ट मारून ठेवली आहे. विधवेचे डोके भादरण्याची चाल आपल्याच समाजात होती, आणि ते करायला आम्ही जाणार नाही असे मुंबईच्या नाभिकांनी १८९० साली सभा भरवून सांगितले, तेव्हा कुठे लोक बोलू लागले. म्हणून बाईच्या डोक्यावर टक्कल दिसले की आपण आधी दचकतो. अमेरिकेत आयाना प्रेसली नावाच्या खासदारबाईंचे सगळे केस चाईच्याच जातीच्या दुखण्याने गेले. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी ते जगजाहीर केले, आणि तेव्हापासून त्या तशाच संसदेत जाऊन बसतात, बोलतात. मार्च २०२२ मध्ये ऑस्करच्या समारंभात जेडा पिंकेट स्मिथ या नटीच्या डोक्यावरून विनोद झाला आणि तिच्या नवऱ्याने विनोद करणाऱ्याला थोबाडीत मारली. ती थोबाडीत सगळ्यांना आठवते, दुखण्याचे नाव मात्र फार थोड्यांना. तुमच्या मुलीने टक्कल मिरवावे असे मी म्हणत नाही. पण पोरगी आरशापुढे उभी राहायची टाळू लागली, मैत्रिणींत जाईना, जेवेना, तर केसांच्या औषधाआधी तिच्याशी बोला. काळजीने चाई पडते की चाईने काळजी लागते, यावर पुष्कळ वाद आहे. तुझ्या चिंतेनेच केस गेले, असे तिला कुणी म्हणू नये एवढे खरे.

झाकायचे असेल तर झाकावे, त्यात कमीपणा नाही. भांग दुसऱ्या बाजूने पाडला तर कानावरची जागा सहज लपते. मागच्या जागेवर सैल अंबाडा घाला. गंगावन लावायचे तर हलके घ्या, आणि जागेच्या कडेच्या केसांना बांधू नका, तेच केस आधी उपटून येतात. टोप घालणाऱ्यांनी आत पातळ सुती टोपी घालावी, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नुसता टोप सोसवत नाही. उघडी कातडी उन्हाने भाजते, म्हणून फडात पदर किंवा रुमाल हवाच. डोके नेहमीसारखे धुवा, तेल हवे तर लावा, त्याने चाई वाढत नाही आणि जातही नाही.

एक शेवटची सूचना, कारण इथे पुष्कळजणी घाबरून पुन्हा पत्र लिहितात. नवे केस फुटतात ते आधी पिसासारखे मऊ आणि पांढरे असतात. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर पांढरे केस, म्हणून उपटू नका, त्यांना कलप लावू नका. काही महिन्यांत त्यांना रंग चढतो. लांबी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते, त्यामुळे वेणीत यायला वर्ष-दीड वर्ष धरून चाला.

पुढच्या अंकात कोंडा आणि उवा यांच्याबद्दल आलेल्या पत्रांना उत्तरे देईन.